एकतिसाव्या पानावरची वाट

मित्रांनो, मी वाटा सांगणारे एक जुने पुस्तक आहे. एका गावाचा इतिहास आणि भोवतालच्या टेकड्यांवरील वाटा माझ्यात लिहिलेल्या आहेत. मला लिहिणाऱ्याला गावात कोणी लेखक म्हणत नसे. 'पायपीट मास्तर' हेच त्यांचे नाव. प्रत्येक वाट ते स्वतः तीनतीनदा चालले, पावले मोजली, मगच लिहिले. तरीही आम्ही सगळ्या प्रती वह्यांच्या दुकानात खालच्या फळीवर धूळ खात पडून होतो.

एके सकाळी एका बाईने मला विकत घेतले. सोबत तिची लहान लेक होती. मी हरखून गेले. दुकानदाराला बुरुजाचा रस्ता विचारून आम्ही थेट टेकडी चढलो. वर धुके इतके दाट, की चार पावलांपुढचे दिसेना. बाईने एकतिसावे पान उघडून वाचले, "पडक्या बुरुजाच्या डावीकडून कड्यालगत दीडशे पावले निर्धास्त चालावे."

"आई, पुढे वाटच दिसत नाहीये."

"पुस्तकात आहे ना? मग असणारच. हात धर माझा."

तिच्या पायाखालून एक दगड सुटला. तो खाली आपटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. ओरडावेसे वाटले, पण कागदाला कुठला आलाय आवाज! बाईने पुढचे पाऊल उचलले.

"थांबा! ते पुस्तक खोटं सांगतंय!"

मास्तर धापा टाकत आले. चप्पल एकाच पायात होती.

"तुम्ही कोण?" बाईने दरडावून विचारले.

"ते लिहिणारा. इथली कड कोसळलीय, मला कालच कळलं. प्रती दुरुस्त करायला दुकानात गेलो, तर एक विकली गेलेली. इतक्या वर्षांनी एक प्रत खपली, आणि तुम्ही बुरुजाकडे निघालात हे ऐकताच मी धावत सुटलो."

बाई दोन पावले मागे सरली. तिने लेकीला छातीशी घट्ट धरले. मास्तरांनी ती ओळ खोडली आणि समासात लिहिले, 'वाट कोसळली आहे. मागे फिरा.'

"आजोबा, खाली सही करा ना," लेक म्हणाली.

"चुकीखाली सही?"

"दुरुस्तीखाली."

त्यांच्याकडे कोणी सही मागण्याची ती पहिलीच वेळ होती.

मित्रांनो, आम्हा जुन्या पुस्तकांना कव्हर घाला, आमची पाने दुमडू नका. पण आमच्यात चूक सापडली, तर संकोच न करता पेन्सिल उचला. पुढचा वाचक कुठे उभा असेल, कोणास ठाऊक!