इरासिल्दाचा डावा हात

डीजे वालसीरचा निरोप सकाळी आला आणि इरासिल्दाच्या अंगाचा तिळपापड झाला.

गाणं त्याला आवडलं होतं. शब्द तिचे, चाल तिची, दोन्ही पसंत. पण 'अरारा'समोर, म्हणजे त्याच्या त्या दोन मजली स्पीकरांच्या भिंतीसमोर नाचणाऱ्यांना गाणं पळतं लागतं. मिनिटाला एकशे अडुसष्ट ठोके! "डोना इरासिल्दा, कीबोर्ड वाजवून पाचाच्या आत पाठवा," फोनमधून त्याचा आवाज सांगत होता. "सहाला स्पीकर तपासताना लावतो. आणि हात चालत नसला तर लाजू नका हं. माझ्याकडे कीबोर्ड वाजवणारा पोरगा आहे, जेफरसन, तो वाजवून देईल."

लाजू नका म्हणे! हाच वालसीर एके काळी तिच्या बँडच्या वायरी गुंडाळत फिरायचा. 'मारे आल्ता' बँड नदीकाठच्या कुठल्या गावी वाजवून आला नव्हता? कीबोर्ड बोटीच्या टपावर बांधून न्यायचे. सगळ्या बाप्यांत ती एकटी बाई, पण लोक गायक ओरिवाल्दोला सोडून तिच्या बोटांकडे बघत उभे राहायचे. आता चौसष्टाव्या वर्षी त्याच उजव्या हाताची पेरं सुजून आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती. हळू वाजवलं तर बोटं अजूनही चुकत नसत. वेग वाढवला की मधलं बोट उठायचं नावच घेत नसे. आणि आपल्या गाण्यात दुसऱ्याचे हात ऐकण्यापेक्षा ते गाणं नदीत बुडवलेलं बरं, असं तिचं स्पष्ट मत होतं.

"मावशी, रडत बसू नकोस. कीबोर्ड घे आणि इकडे ये," भाची ग्लेसियानी फोनवर म्हणाली. "संगणकाला जोडू. माझ्या डोक्यात एक युक्ती आहे."

ग्लेसियानीचं ग्वामा वस्तीत नखं रंगवायचं दुकान. मागच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून तिनं स्टुडिओ केला होता, आणि निम्मी वस्ती तिथं गाऊन गेली होती. पण मावशीसारखा जुना, पाठीला गोल भोकं असलेला कीबोर्ड तिनं कधी जोडला नव्हता. त्यासाठी वायर मुद्दाम मागवली होती. एका टोकाला संगणकात जाणारा चपटा प्लग, दुसऱ्या टोकाला दोन गोल प्लग, एकावर 'इन' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'आउट'. कीबोर्डच्या पाठीवरही तशीच दोन भोकं, 'इन' आणि 'आउट'. ग्लेसियानीनं इनमध्ये इन घातला, आउटमध्ये आउट घातला. शहाण्या माणसानं याहून वेगळं काय करायचं?

संगणक ढिम्म. इरासिल्दा पट्ट्या दाबतेय, कीबोर्ड वाजतोय, आणि पडद्यावर साधा ठिपका हलेल तर शपथ. वायर काढली, फुंकली, परत घातली. संगणक बंद केला, चालू केला. बाहेर एक बाई पाच नखं रंगवून आणि पाच तशीच घेऊन बसली होती. ती दर दहा मिनिटांनी दारातून डोकावायची.

"झालं का गं?"

"होतंय, होतंय!"

असं करत दुपारचे दोन वाजले. शेवटी इरासिल्दा गुडघे धरत कीबोर्डच्या मागे वाकली.

"हा आउट म्हणजे माझ्या कीबोर्डचं तोंड ना? इथून तो बोलतो?"

"हो."

"आणि वायरीवरचा आउट?"

"तो संगणकाचा. म्हणजे त्याचं..." ग्लेसियानीनं जीभ चावली.

"त्याचं तोंड! अगं बये, तोंडाला तोंड जोडलंस आणि कानाला कान! मग ऐकणार कोण, तुझी ती पाच नखांची बाई?"

दोन्ही प्लग उलटे घातले. इरासिल्दानं एक पट्टी दाबली आणि पडद्यावर टुणकन एक हिरवी रेघ उमटली. दोघी इतक्या जोरात किंचाळल्या की बाहेरची बाई रंगवलेली नखं हवेत धरून धावत आत आली, आणि मग बाहेर गेलीच नाही.

"आता ऐक," ग्लेसियानी म्हणाली. "यात आवाज जात नाही. कुठली पट्टी, केव्हा दाबलीस, किती जोरात, एवढंच तो लिहून घेतो. आणि तेच परत तुझ्या कीबोर्डला सांगतो. म्हणून तू निम्म्या वेगानं वाजव. मी नंतर दुप्पट करते. सूर तसेच राहतील, फक्त पळतील."

"ही लबाडी झाली."

"लबाडी कसली? बोटं तुझीच ना?"

"निम्मी माझी."

"बरं, मग जेफरसनला फोन लावू?"

इरासिल्दा स्टूल ओढून कीबोर्डसमोर बसली.

तिनं हळू वाजवलं. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या, तिसऱ्या खेपेला एकही सूर चुकला नाही. ग्लेसियानीनं तिला हात मांडीवर ठेवायला सांगितले, वेग एकशे अडुसष्ट केला आणि बटण दाबलं. पट्ट्या जागच्या जागी आणि कीबोर्ड आपसूक वाजायला लागला! उजव्या हाताचे सूर भरधाव सुटले. मधल्या बोटाचेसुद्धा. पाच नखांची बाई कंबर हलवायला लागली, ग्लेसियानी टाळ्या पिटायला लागली. इरासिल्दाला मात्र काही तरी टोचत होतं.

"बंद कर. हा जेफरसन आहे."

"मावशी, हे तूच आत्ता..."

"डावा हात ऐक. कसा शाळेतल्या पोरासारखा वेळेवर येतोय. माझा येतो का कधी?"

खरंच, तिचा डावा हात कधीच वेळेवर यायचा नाही. खर्जाचा सूर ठोक्यानंतर किंचित रेंगाळून पडायचा आणि त्या रेंगाळण्यावरच लोकांच्या कमरा हलायच्या. ओरिवाल्दो तर भर कार्यक्रमात माइकवरून सांगायचा, "इराचा उजवा हात आमच्याबरोबर आला, डावा पुढच्या बोटीनं येतोय!"

ग्लेसियानी पडद्याकडे बघत बसली आणि मग तिनं कपाळावर हात मारला. "अगं, वेग दुप्पट केला तसा सगळाच वेळ निम्मा झाला. त्यात तुझं रेंगाळणंही निम्मं झालं!"

"मग?"

"मग दुप्पट रेंगाळ."

सांगायला सोपं. सवयीचा हात सवयीनंच पडतो. दुप्पट उशीर म्हणजे पिऊन तर्र झालेल्या माणसाला हाताला धरून जिना उतरवण्यासारखं. वाजवताना ते इतकं भयंकर ऐकू येई की इरासिल्दा स्वतःलाच शिव्या घाली. साडेचार झाले. बोटं ठणकायला लागली. "आणखी एकदा," ती म्हणाली, "आणि कुणी माझ्याकडे बघू नका." तिनं डोळे मिटले, बोटीचा टप आठवला आणि डाव्या हाताला हवं तेवढं लोळू दिलं.

बटण दाबलं.

पहिल्या चार ठोक्यांतच तिच्या अंगावर काटा आला. उजवा हात पळतोय आणि डावा मागून ऐटीत, मला काय घाई, असा येतोय. "ही मी आहे!" ती ओरडली. "ग्लेसी, ही मी!" चौसष्ट वर्षांची बाई दुखरे गुडघे विसरून अंड्यांच्या ट्रेच्या खोलीत नाचायला लागली. ग्लेसियानीनं कीबोर्डला तेच पुन्हा वाजवायला लावून आवाज भरून घेतला, आणि पाच वाजायला दहा मिनिटं असताना गाणं वालसीरकडे गेलं.

सहाला कोपऱ्यावरच्या मैदानात 'अरारा'चे स्पीकर घुमायला लागले. दुकानाच्या काचा थरथरल्या. इरासिल्दा दारात उभी राहिली. समोरच ओरिवाल्दोचं दुकान. गाणं सोडल्यापासून तो आसाईची जांभळी फळं रगडून विकायचा आणि येता-जाता तिला चिडवायचा, "तू आणि मी, दोघं आता भंगारात."

गाणं सुरू झालं. ओरिवाल्दोचं मशीन थांबलं. कोपरापर्यंत जांभळे झालेले हात तसेच घेऊन तो रस्ता ओलांडून आला.

"कोण वाजवतंय?"

"जेफरसन," ग्लेसियानी साळसूदपणे म्हणाली.

"थापा मारू नकोस. जेफरसन वेळेवर येतो." त्यानं मान तिरकी करून आणखी एक फेरी ऐकली. त्याची नजर इरासिल्दाच्या सुजलेल्या बोटांवर गेली, तिथून तिच्या तोंडाकडे. "हा डावा तर पुढच्या बोटीनं आलाय. इरा, हे तुझे हात आहेत!"

"माझेच," इरासिल्दा म्हणाली. सकाळपासून तिला एवढंच म्हणायचं होतं.