हिवाळ्याचं पाणी

"ओक, ओक. लाजू नको. समुद्राला सवय आहे," वल्ही आवरून धरत थोरली म्हणाली.

बाई होडीच्या काठावर पोट टेकून ओणव्या झाल्या होत्या. एका हातात काठ घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात लांब दोरीला बांधलेला तापमापक. निघताना नवऱ्याने दिलेला आल्याचा तुकडा केव्हाच पाण्यात गेला होता. "तुला बसमध्ये खिडकी लागते, आणि तू होडीत?" एवढंच तो म्हणाला होता, आणि मुकाट्याने आलं सोलायला बसला होता.

"आणि म्हणे तू समुद्राचं काम करतेस!"

"समुद्रातल्या आवाजाचं," बाई तोंड पुसत म्हणाल्या. "तेही खोलीत बसून."

"ते बरंय. खोली हलत नाही."

थोरली ही बुडी मारून तळाचे शिंपले काढणाऱ्या बायकांमधली सर्वांत वयस्कर. ती बंदराच्या अधिकाऱ्यालाही अरेतुरे करी, तिथे बाईंची काय कथा!

बाईंना कचेरीत सगळे 'आवाजबाई' म्हणत. खरं तर त्या इतक्या हळू बोलत, की शिपायाला दोनदा विचारावं लागे. त्या नोकरीला लागल्या तेव्हा संगणकाला स्वतंत्र थंडगार खोली असे आणि माणसांना पंखासुद्धा नसे. त्यामुळे कचेरीतल्या प्रत्येकाचं काही ना काही काम त्याच खोलीत निघे. तिथेच बसून बाईंनी वर्षानुवर्षं आपला प्रोग्रॅम रचला. पाणी कुठे किती गरम, किती खोल, तळाला चिखल की खडक, एवढं त्याला सांगायचं. मग पाण्यात झालेला आवाज कुठवर जाईल आणि तिथे किती उरेल, ते तो पडद्यावर हिरव्या रेघांनी दाखवी.

हे सगळं त्यांना शिकवलं ते आता मोठे साहेब झालेल्या गृहस्थांनी. तेव्हा ते अंगाने काटकुळे होते आणि बोलण्याच्या भरात चहा गार करून टाकत. "आवाज आळशी असतो, बाई," ते म्हणत. "जिकडे सावकाश चालायला मिळेल, तिकडे वळतो. थंड पाण्यात तो सावकाश चालतो. एवढं कळलं की समुद्र कळला."

आणि आठवड्यापूर्वी त्याच साहेबांनी त्यांच्यापुढे अहवाल सरकवला होता. बंदर खोल करण्यासाठी तळाचा खडक सुरुंगांनी फोडायचा होता. स्फोटाच्या वेळी बुडी मारणाऱ्यांनी किती लांब राहायचं, ती रेघ बाईंच्या प्रोग्रॅमने ठरायची होती. रेघ बंदराच्या तोंडाशीच आखलेली होती.

"हे पाणी उन्हाळ्यातलं आहे, सर. सुरुंग हिवाळ्यात लागणार."

"हिवाळ्यातली मोजणी आपल्याकडे नाही. होती ती वापरली."

"उन्हाळ्यात वरचं पाणी गरम. आवाज खाली वळतो आणि चिखलात जिरतो. हिवाळ्यात वरपासून तळापर्यंत पाणी सारखं. तो वळेल कशाला? लांबवर जाईल. तुम्हीच शिकवलंत."

"मी काय शिकवलं ते मला माहीत आहे." साहेबांनी चष्मा काढला. "रेघ लांब नेली तर बायकांचा हंगाम बुडतो, भरपाई द्यावी लागते, काम रखडतं. वर कुणालाच ते नकोय. सही करून टाका. निवृत्तीला आलात, आता कशाला वाकड्यात शिरता?"

"बायका पाण्याखाली असतील, सर. कान जातील त्यांचे."

"कागदावर रेघ आहे ना?"

"कागदाला कान नसतात."

साहेब चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मोजणीला होडी मिळणार नाही."

"मागितलीय कुणी?" बाई म्हणाल्या होत्या आणि उठून थेट थोरलीकडे गेल्या होत्या.

आता त्या तापमापक खाली सोडत होत्या, वर ओढत होत्या, मधेच ओकत होत्या. थोरली जागा बदलत होती. सगळीकडे तेच निघालं. वरचं पाणी आणि तळचं पाणी एकसारखं गार. बाईंनी मनात अंदाज बांधला आणि दूर समुद्रातल्या काळ्या खडकाकडे बोट केलं.

"तिथवर कुणी पाण्यात उतरायचं नाही."

"अगं बाई! आमचे सगळे शिंपले त्याच्या अलीकडेच आहेत!"

"माहीत आहे."

"आणि तुझं चुकलं तर?"

"तर तुमचा हंगाम गेला. माझं चुकलं नाही आणि तुम्ही ऐकलं नाही, तर कान."

थोरलीने वल्ही मारत होडी किनाऱ्याकडे वळवली. "तू कधी ऐकलायस तो आवाज? पाण्यातून?"

"कधीच नाही."

"आणि आम्ही मात्र तुझं ऐकायचं!"

"हो," बाई म्हणाल्या. या वेळी थोरलीला दोनदा विचारावं लागलं नाही.

बाईंनी नवी मोजणी घालून प्रोग्रॅम चालवला. रेघ काळ्या खडकाशीच आली. तो कागद त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी जुन्याच अहवालावर दुसऱ्याची सही झाली आणि बाईंना संगणकाच्या खोलीची किल्ली जमा करायला सांगण्यात आलं.

सुरुंगाच्या दिवशी बंदराच्या तोंडाशी सरकारी लाल निशाण लागलं. आणि पार तिकडे, काळ्या खडकापाशी, बायकांनी आपल्या टोपल्या पाण्यावर धरणारे नारिंगी तरंगे ओळीने बांधले होते. हंगामाचे दिवस, पाणी स्वच्छ, आणि साऱ्याजणी किनाऱ्यावर हाताची घडी घालून बसलेल्या.

"आली का ओकणारी?" म्हणत थोरलीने होडी ढकलली.

त्या खडकाकडे निघाल्या तसा बंदराचा अधिकारी कर्ण्यातून ओरडला, "अहो, रेघ इकडे आहे!"

"तुझी!" थोरली ओरडली.

तरंग्यांपाशी आल्यावर बाईंनी अंबाडा सोडला. भोंगा वाजला तशा त्या काठावर ओणव्या झाल्या आणि त्यांनी डावा कान पाण्यात घातला. दुसऱ्या बाजूने थोरलीही वाकली. आधी नुसतीच गार शांतता. मग बंद दारावर आतून कुणी मूठ मारावी तसा तो आला. आयुष्यभर बाईंनी त्याला हिरवी रेघ म्हणूनच पाहिलं होतं. त्यांनी डोकं वर काढलं, तेव्हा कुठे हवेतला फुसका आवाज मागाहून पोचला.

थोरलीने दूरच्या लाल निशाणाकडे पाहिलं. "इथे एवढा... मग तिथे?"

थोरली होडीत उभी राहिली आणि किनाऱ्यावरच्या आपल्या बायका बोटाने एकेक करून मोजू लागली.

बाई तशाच कचेरीत गेल्या. त्यांनी साहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवली. साहेबांचं लक्ष त्यांच्या केसांकडे गेलं. एक बाजू कोरडी, एक बाजू निथळत होती.

"ऐकलात?"

"ऐकला."

"कुठे?"

"काळ्या खडकापाशी."

साहेबांसमोरचा चहा गार झाला होता. किल्लीशेजारी थेंब पडत होते. "टॉवेल मागवतो," ते हलकेच म्हणाले.

"असू द्या," बाई म्हणाल्या. "वाळतील."

आणि त्या निघाल्या. लांबच्या लांब व्हरांड्यात, त्यांच्या डाव्या बाजूने, खाऱ्या पाण्याच्या थेंबांची एक ओळ दारापर्यंत गेली होती. शिपायाने फडकं आणलं, पण तो ती पुसायचा थांबला.