धुऱ्यावरच्या आपट्यापर्यंत

मनोहरराव मास्तरांनी जन्मात लाकडाची एकच वस्तू केली होती. एक पाट, आणि तोही डुगडुगायचा. असा हा ड्रॉइंगचा मास्तर पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात सासुरवाडीला जेवता जेवता बोलून बसला, "बापूजी, या दसऱ्याले मी तुम्हाले माह्या हातच्या डोंग्यातून पल्याड नेतो." प्रेमिलाने वाढता वाढता नवऱ्याकडे पाहिलं. पण शब्द गेला तो गेला.

बापूजींचं घर खाप्याला आणि शेत, त्यांचं वावर, कन्हान नदीच्या पल्याड. वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, त्यांनी स्वतः लावलेला आपटा होता. दर दसऱ्याला त्याच झाडाची पानं आणून ते गावभर सोनं वाटत. मग गुडघे गेले. नदीपार नेणारा गावचा डोंगा घाटाला लागे आणि तिथून वावर लांब. कुणी म्हणालं, पाठीवर नेतो. बापूजी म्हणाले, "खांद्यावर मानूस एकदाच जाते. मले घाई नाही." तेव्हापासून लोकांनी दिलेलं सोनं ते मुकाट्याने घेत आणि बाजूला ठेवत. मास्तरांना ते पाहवत नसे. त्यांचे स्वतःचे वडील लहानपणीच गेले होते. सासऱ्यात त्यांनी बाप पाहिला होता. सासरे मात्र रीतीचे पक्के. लग्नापासून "जावईबापू, तुम्ही" यापलीकडे हाक नाही.

श्रावणात मास्तरांच्या प्रताप नगरच्या घराच्या अंगणात, टिनाखाली, काम सुरू झालं. डोंग्याचं चित्र मास्तरांनी असं काढलं की बघत राहावं. डोंगा तितका सुंदर झाला नाही, पण झाला. शेजारचे भैय्याजी, ट्रकवाले, भिंतीवरून रोज हजेरी घेत. "तान्ह्या पोळ्याले पोट्टे लाकडाचे बैल नेतेत, आमचे मास्तर डोंगा नेतीन!" मास्तर हसत आणि रंधा मारत. पोळ्यानंतर हिरवा रंग देऊन त्यांनी डोंगा मोठ्या कौतुकाने उन्हात वाळत ठेवला.

तिथेच घात झाला. लकडगंजातून पावसात आणलेल्या फळ्या ओल्या होत्या. पाऊस सरल्यावरच्या उन्हात त्या आटल्या. दसरा तोंडावर आला आणि मास्तर आत बसून बघतात तर फटीफटीतून ऊन आत आलेलं. फटींत ठासलेल्या डांबर-सुतळीचा पत्ता नाही. ते तिथेच बसून राहिले. चेहरा पार उतरला.

"बापूजींले निरोप धाडतो, जमत नाही म्हनून," ते म्हणाले.

 प्रेमिलाने नळाची नळी आणली आणि डोंग्यात सोडली.

"अवं, काय करून राहिली तू?"

"बैलबंडीचं चाक सुकून ढिल्लं झालं का काय करतेत? डोहात बुडवतेत ना? लाकूड पानी पेलं का फुगते. तुमच्या घरी नोत्या का बंड्या?"

होत्या. लहानपणी त्याच बुडवलेल्या चाकांवर बसून मास्तर पोहायला शिकले होते. त्यांनी कपाळाला हात लावला.

नळाला पाणी सकाळचंच. जितकं भरावं तितकं गळे. भैय्याजी पोट धरून हसले. "मास्तर, डोंगा पान्यात टाकतेत, पानी डोंग्यात नाही!" पण हसून झाल्यावर आपल्या विहिरीच्या दोन बादल्या घेऊन तेच आधी आले. मग अख्खी गल्ली आली. दोन दिवसांनी गळती थांबली, आणि डोंगा खाप्याला न्यायला भैय्याजींनी ट्रकही काढला. टिंगल करणारा माणूस वेळेला असा धावून येतो, म्हणून तर शेजार सुटत नाही.

दसऱ्याला बापूजी पांढरं धोतर नेसून, पागोटं बांधून डोंग्यात त्याच डुगडुगत्या पाटावर बसले. समोर प्रेमिला. मास्तरांनी बांबू रेटला. मध्यावर आले आणि बुडाच्या एका सांध्यातून पाणी झिरपू लागलं. मास्तर घाबरले. बांबू प्रेमिलाच्या हाती देऊन लोट्याने पाणी उपसू लागले.

"राहू द्या जावईबापू," बापूजी म्हणाले. त्यांनी वहाणा काढल्या आणि पाय त्या पाण्यात ठेवले. "लय दिवसांनी कन्हान पायाले लागली."

डोंगा धुऱ्याखालीच लागला. काठी टेकत बापूजी चार पावलं चढले, आपट्याच्या बुंध्यावर हात फिरवला आणि एक पान तोडलं. मास्तर खालीच उभे होते, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात लोटा तसाच. बापूजींनी त्यांना वर बोलावलं आणि पान त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

"घे," ते म्हणाले. "सोनं घे, पोरा."