स्क्रू बसेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना बिंदू आहे. चित्रफितीचे संकलन करताना संगणकाच्या पडद्यावर आवाजाच्या पट्टीतून एक बारीक रेघ जाते. रेघ वर गेली की आवाज वाढतो, खाली आली की उतरतो. तिच्यावर रोवलेल्या ठिपक्याला कीफ्रेम म्हणतात. एकट्या ठिपक्याने काही साधत नाही. आम्ही चौघे लागतो. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत संगीत उतरते, तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत पुन्हा चढते. मी तिसरा. मी जिथे उभा, तिथवर संगीताने हळूच वाजायचे. माझा शब्द मोडण्याची त्याची टाप नाही.

माझा जन्म एका अरुंद, जाड पडद्यांच्या खोलीत झाला. संकलकाचा हात वेगवान होता. शेजारी एका घड्याळजींची लेक बसली होती. घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा आवाज कायमचा गेला होता. त्याआधी दुकानात लेकीने टिपलेले बोलणे तेवढे उरले होते आणि ते तिला आईला ऐकवायचे होते.

चित्रात घड्याळजी घड्याळावर वाकून म्हणत होते, "तुमच्या आईला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही." पुढे शांतता. बोलणे संपले असे समजून संकलकाने मला तिथेच रोवले. व्हायोलिन उसळले.

लेकीने हेडफोन उतरवला. "थांबा दादा, बाबांचं वाक्य संपलेलं नाही. स्क्रू बसेपर्यंत ते पुढचं बोलत नाहीत."

संकलक हसला. इतकी शांतता ठेवली तर माणसे उठून जातील, म्हणाला.

"आई जन्मभर तेवढ्यातच उठून गेलीय. म्हणून तर सांगतेय."

मग त्याने मला धरून उजवीकडे सरकवत नेले. शांतता ओलांडली, स्क्रूड्रायव्हरची कुरकुर ओलांडली आणि व्हायोलिनखाली दबलेले शब्द मोकळे झाले.

पुढचे लेकीनेच येऊन सांगितले. घरी पाहुण्यांसमोर चित्रफीत लावली होती. पहिले अर्धे वाक्य कानी पडताच आई सवयीने उठू लागली. लेकीने तिचा हात धरून ठेवला. खोलीत नुसती शांतता. मग घड्याळजींचा आवाज आला, "पण या घरात काही वेळेवर झालं असेल, तर ते तिच्यामुळं."

आई नवऱ्याकडे वळून म्हणाली, "एवढंसं बोलायला एवढी वर्षं? असला कुठला स्क्रू बसवत होतात?" घड्याळजी आवाजावाचून हसले, खांदे हलेपर्यंत.

पाहुण्यांनी व्हायोलिनची वाहवा केली. माझे नाव कोणी काढले नाही, आणि मला त्याचे वैषम्य नाही. माझे काम चोख झाले की ते कुणाला जाणवतच नाही.

आता मी वायरींच्या खणातल्या एका हार्ड डिस्कमध्ये पडून आहे. संकलकाच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये माणूस गप्प झाला की संगीत आपोआप चढते. ते झटपट आहे खरे. पण स्क्रू बसेपर्यंत थांबणे त्याला ठाऊक नाही.

ते तुम्हाला ठाऊक असू द्या, मित्रांनो. घरातले कोणी बोलता बोलता थांबले, तर लगेच उठू नका. त्यांच्यासाठी माझ्यासारखा एक बिंदू थोडा उजवीकडे सरकवा.