जावेच्या गालांवरची लाली

मंदाकिनीला सगळ्यात जास्त काय खुपत असेल, तर ते धाकट्या जावेचे गाल. वसुंधरा पन्नाशीला टेकली तरी गाल असे लालबुंद, की गल्लीतल्या बायका तिला रस्त्यात थांबवून विचारायच्या, "काय लावता हो?" आणि ती काही लावत नसे, हाच तर खरा जाच. लावत असती तर मंदाकिनीनेही आणलं असतं. तिने बीट खाल्लं, खजूर खाल्ला, लोखंडी कढईत भाज्या केल्या, लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडवून घेतलं. चेहरा आपला होता तसाच, फिकट.

दोघी एकाच घरात राहायच्या, मंदाकिनी खाली आणि वसुंधरा वरच्या मजल्यावर. मंदाकिनीचे यजमान मुकुंदराव शाळेतून निवृत्त झालेले, वसुंधरेचा नवरा श्रीकृष्ण मकरपुऱ्याला कारखान्यात. वसुंधरा काही वाईट बाई नव्हती. उलट तिच्यात खोट काढायची तर मंदाकिनीला बरीच शोधाशोध करावी लागे. आंघोळ करून आली की ती कितीतरी वेळ अंग खाजवत बसे, एवढी एकच गोष्ट हाती लागली होती, आणि तीही गल्लीभर सांगून झाली होती. "दिसायला गुलाबाचं फूल, पण साबण नीट धूत नसणार हो." वसुंधरा डोकं जड झाल्याची तक्रार करी, त्यावरही मंदाकिनीचं उत्तर तयार असे: कौतुकाचं ओझं झालं असेल.

गल्लीतलं मराठी मंडळ वर्षातून तीनदा रक्तदान शिबिर भरवी: गणपतीत, शिवजयंतीला आणि मे महिन्यात. तिथे मंदाकिनीची खरी परीक्षा होई. रक्त घेण्याआधी बोटाला सुई टोचून एक थेंब निळ्या मोरचुदाच्या पाण्यात सोडत. थेंब बुडाला तर माणूस पास, तरंगला तर नापास. वसुंधरेचा थेंब गोटीसारखा तळाला जाई. मंदाकिनीचा वरच घोटाळत राही, आणि रक्तपेढीचा गुजराती माणूस सगळ्यांदेखत म्हणे, "मासी, पालक खाओ, पालक." मग वसुंधरा रक्त देऊन, बिस्किट खात बाहेर येई आणि भोळेपणाने सांगे, "वहिनी, रक्त दिलं ना, की डोकं कसं हलकं होतं बघा!" आता यावर माणसाने काय बोलावं?

एवढंही मंदाकिनीने गिळलं असतं. पण त्या वर्षी गणपतीच्या आधी मंडळाचे चिटणीस जनार्दनराव घरी आले. पाचव्या दिवसाची मोठी आरती आजवर मंदाकिनीच्या घरच्या थोरल्या सुनेच्या हातची. सासूबाईंनंतर तबक मंदाकिनीच्या हाती आलं होतं, आणि सबंध वर्षात तेवढी एक संध्याकाळ अशी असे की वसुंधरा मागच्या रांगेत टाळ्या वाजवी. जनार्दनराव चहा फुंकत म्हणाले, "यंदा मंडळानं ठरवलंय, सकाळच्या शिबिरात रक्त देणाऱ्यांपैकी जो सगळ्यात जुना दाता, त्याच्या हातून आरती. म्हणजे वसुंधराबाईच. मंदावहिनी, तुमची हरकत नाही ना?"

"हरकत कसली? घरातच राहतोय की मान," मंदाकिनी म्हणाली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. गाल घेतले, गल्ली घेतली, आता तबकही घ्या म्हणावं.

पाचव्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी मांडवात गेली. रक्तपेढीचा माणूस बाटल्या मांडत होता. त्याच्यापाशी जाऊन तिने आवाज खाली आणला. "भाई, मारी देराणीने गया वर्षे कमळो थयो हतो. कहेती नथी बिचारी."

देराणी म्हणजे धाकटी जाऊ, आणि कमळो म्हणजे कावीळ. कावीळ होऊन गेलेल्याचं रक्त ही रक्तपेढी घेत नसे, हे मंदाकिनीला नापास होऊन होऊन पाठ झालं होतं. वसुंधरेला आयुष्यात कधी साधी सर्दीसुद्धा धड झाली नव्हती. पण खोटं बोलताना मंदाकिनीची जीभ जराही अडखळली नाही. कोणाचं रक्त थोडंच सांडत होतं? उलट अंगातच राहत होतं.

वसुंधरा आली तेव्हा त्या माणसाने तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. तिने एकदा बिस्किटांच्या टेबलाकडे पाहिलं, तिथे मंदाकिनी उगाचच पुडे रचत होती. मग ती घरी गेली. तिच्यानंतरचा जुना दाता कोण यावर मंडळाचं एकमत होईना, म्हणून संध्याकाळी तबक जुन्या रिवाजाने मंदाकिनीच्याच हातात होतं, आणि त्या दिवशी तिला जेवण फार गोड लागलं.

नाव एकदा बाद झालं ते झालंच. शिवजयंतीच्या शिबिरातही वसुंधरेला परत पाठवलं. गाल आणखीच लाल झाले, जवळजवळ जांभळट. लोक म्हणत, काय तेज आहे! मंदाकिनीचा जळफळाट काही थांबला नाही. मान काढून घेतला तरी लाली वाढतेच कशी?

मे महिन्यात एका सकाळी वर कप फुटल्याचा आवाज झाला, पाठोपाठ श्रीकृष्णाची हाक. मंदाकिनी धावत जिना चढली. वसुंधरेचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं आणि डावा हात उचलला जात नव्हता. मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ अडकली होती. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला, पण रक्त इतकं दाट कशाने झालं ते कळेना. नमुना मुंबईला गेला. तो अहवाल आला तेव्हा डॉक्टर निरुपमांनी सगळ्यांना खाटेभोवती बोलावलं.

"हाडांच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं," त्या सांगू लागल्या. "तिथल्या पेशींना वाढा म्हणून शरीराकडून निरोप यावा लागतो. निरोप थांबला की वाढ थांबते. हे काम ज्या जनुकांकडे असतं, त्यातला एक जॅक-टू. यांच्या एका पेशीत तो बिघडला. दाराच्या घंटेचं बटण आत अडकावं ना, तसं. दारात कोणी नाही आणि घंटा वाजतेच आहे. त्या पेशीच्या सगळ्या पिलावळीत तोच बिघाड, म्हणून तांबड्या पेशी वाढतच राहिल्या. कर्करोगाच्याच जातीचा आजार आहे हा, पण सावकाश चालणारा. औषधं आहेत."

"आमच्या मुलांना होईल?" श्रीकृष्णाने विचारलं.

"नाही, हा बिघाड जन्माचा नाही, मधेच झालेला आहे. चेहऱ्याची लाली, आंघोळीनंतरची खाज, जड डोकं, सगळं त्याचंच."

इतकी वर्षं मंदाकिनी एका दुखण्याचा हेवा करत होती. आणि ती खाज, ती तर साऱ्या गल्लीत फक्त तिनेच पाहिली होती, आणि हसण्यावारी नेली होती.

"यावर पहिला उपाय म्हणजे रक्त काढून टाकणं," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "तुम्ही वर्षातून तीनदा रक्त द्यायचात. कोणाला कल्पना नसताना तोच तुमचा इलाज होत होता. मग बंद का केलंत?"

श्रीकृष्ण भडकला. "बंद केलं नाही, करायला लावलं! कोणीतरी रक्तपेढीला जाऊन सांगितलं, हिला कावीळ झाली होती म्हणून. कोण ते मला कळू दे फक्त!"

वसुंधरेने मान वळवून थेट थोरल्या जावेकडे पाहिलं, आणि मंदाकिनीला कळलं की हिला सगळं ठाऊक आहे, त्या सकाळपासून. वाकड्या तोंडाने, शब्द जुळवत वसुंधरा म्हणाली, "कोणी नाही. मीच... सांगितलं. कंटाळा... आला होता."

सुटले, असं मंदाकिनीला वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. पण लगेच तीच जुनी आग पोटातून वर चढली. म्हणजे क्षमा करायची तीसुद्धा हिनेच! मोठेपणाही हिचाच, आणि आपण जन्मभर हिने पाठीशी घातलेली म्हणून वावरायचं? डॉक्टर वसुंधरेकडे पाहत होत्या, मुकुंदराव पाहत होते, श्रीकृष्णाने तिचा हात धरला होता. नाही, एवढं तरी मंदाकिनी तिला घेऊ देणार नव्हती.

"खोटं बोलतेय ती," मंदाकिनी मोठ्याने म्हणाली. "मी सांगितलं. आरतीसाठी."

खोलीतले सगळे जण वसुंधरेला सोडून तिच्याकडे वळले. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.