तीस दिवस तोंड दाखवायचं नाही

घरी सोडायच्या पेशंटचे कागद करायचं काम सिस्टरकडे आलं, तेव्हा वॉर्डातल्या बाकीच्या म्हणाल्या, "सुटलीस बाई, बसून काम!" बावीस वर्षं उभ्याने नोकरी केलेल्या सिस्टरलाही तसंच वाटलं. खिडकीशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर, त्यात हॉस्पिटलने नवीन घेतलेला प्रोग्राम. आजार आणि तपासण्या भरायच्या, पेशंटच्या घरच्या परिस्थितीबद्दल नऊ प्रश्नांची उत्तरं द्यायची, की स्क्रीनच्या कोपऱ्यात एक गोल उमटायचा. हिरवा आला तर खुशाल सोडा. लाल आला तर हा माणूस तीस दिवसांच्या आत परत दाखल होणार. त्याला आणखी ठेवा, नाहीतर त्याच्या घरी नर्स पाठवा.

गोल सहसा चुकत नसे. पंचाईत तीच होती. घरी जाणारी नर्स साऱ्या हॉस्पिटलात एकच, तीही बाळंतपणाच्या रजेवर. मोठे साहेब दर सोमवारी वरच्या मजल्यावरून फोन करायचे. "तुमच्याकडे लाल फार दिसतात, सिस्टर. जरा बघा." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या साहेबांना काय हवंय, हे तिला दोन सोमवारांत कळलं.

मास्तर नऊ नंबरच्या खाटेवर होते. टेलर मास्तर. हात थरथरायला लागेपर्यंत त्यांनी कोट शिवले होते. हृदय कमजोर झालेलं, फुफ्फुसांत पाणी भरलेलं. आठ दिवसांच्या इंजेक्शनांनी ते उतरलं आणि मास्तरांना वाचा फुटली. "तुमच्या डॉक्टरांच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय, सिस्टर. अशा माणसाने धीर दिला तर तो आम्ही घ्यायचा कसा?"

त्यांची बायको खाटेच्या कडेला बसून असायची. सिस्टरने तिला प्रश्न विचारले.

"मावशी, घरात वजनकाटा आहे? अंगात पाणी वाढलं तर वजनावरून कळतं. रोज बघावं लागेल."

"नाही बाई."

"आकडा वाचून लिहून ठेवेल असं कोणी?"

"आम्ही दोघंच. मला तर तुझा चेहरासुद्धा धुरकट दिसतो."

सिस्टरने खरं ते भरलं. गोल लालभडक. तेवढ्यात फोन आला. नऊ नंबर दुपारपर्यंत रिकामी हवी. तिने एका 'नाही'चं 'हो' केलं. गोल पिवळा झाला. दुसऱ्याचं केलं. हिरवा.

मन खात होतं, म्हणून जाताना तिने सगळं दोनदा समजावलं. पाणी मोजून, मीठ जपून, गोळ्या वेळेवर. "आणि पाय सुजले, दम लागला..." इथे ती अडखळली.

"तर काय?" मास्तरांनी विचारलं.

"तर काय! तीस दिवस तोंड दाखवायचं नाही, मास्तर. माझी मान खाली जाईल," ती हसत म्हणाली.

मास्तर हसले नाहीत. "तारीख दिली आणि मोडली, असं एकाही गिऱ्हाइकाला म्हणू दिलेलं नाही मी. तीस म्हणजे तीस."

तिसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे तिने फोन केला. "ठणठणीत!" मास्तर म्हणाले. दहाव्या दिवशी केला, तर एक वाक्य तीन श्वासांत येत होतं.

"दम का लागलाय, मास्तर?"

"जिना... चढून... आलो."

मागून मावशीचा आवाज आला, "कुठला जिना? चार दिवस खुर्चीतून हलले नाहीत..." आणि कोणीतरी फोनवर हात ठेवला.

सिस्टरने ऐकलं होतं. बावीस वर्षांत असले श्वास तिने शेकडो ऐकले होते. 'लगेच या' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. त्या महिन्यात वॉर्डातले तिघे आधीच परत आले होते. तिने 'प्रकृती स्थिर' अशी खूण केली आणि फोन ठेवला. त्यानंतरचा फोन नियमात नव्हता.

एकतिसाव्या दिवशी सकाळी आठला शेजाऱ्यांनी मास्तरांना खुर्चीसकट उचलून आणलं. पाय खांबासारखे, कातडी फुटून पाणी झिरपत होतं. ओठ निळे पडले होते. सिस्टरला बघून ते म्हणाले, "काल... तीस झाले."

"आठ दिवस आधी आणता आलं नाही?" डॉक्टर ओरडले. तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तर गेले.

सिस्टर सहीचे कागद घेऊन बाकावर मावशीशेजारी बसली. मावशीने अंगठा उठवला, मग हळूच विचारलं, "ते तीस दिवस कशाचे होते गं? आडवं होता यायचं नाही, बसून राहायचे. मी म्हणायचे, जाऊ या. तर म्हणायचे, सिस्टरला शब्द दिलाय. औषधाचं काही होतं का?"

सिस्टरने मावशीच्या धुरकट डोळ्यांत पाहिलं.

"हो, मावशी. औषधाचा कोर्स असतो तेवढा."

"मग पुरा केला हो त्यांनी." मावशीचा चेहरा जरा सैलावला. चाचपडत तिने सिस्टरचा हात शोधला आणि थोपटला. "तू सांगितलंस ते सगळं केलं आम्ही."

महिनाअखेरीस यादी लागली. तीस दिवसांत परत न आलेल्यांत मास्तर होते. मोठे साहेब या वेळी स्वतः खाली आले. "बाकीच्या वॉर्डांनाही जरा शिकवा, सिस्टर."

तिने शिकवलं. मीटिंगच्या खोलीत पंधराजणी वह्या उघडून बसल्या होत्या. एकीने विचारलं, "पण घरी बघणारं खरंच कोणी नसेल तर?"

"'नाही' भरलंस, तर खाट रिकामी होणार नाही," सिस्टर म्हणाली आणि तिने पुढचा प्रश्न स्क्रीनवर घेतला.