पेपर फलकचा, अक्षर प्रार्थनाचं

दहावीच्या सहामाहीत विज्ञानाच्या पेपरला फलक पठाण शाळेत आली ती जणू दावतीला निघाल्यासारखी. बाकीच्या मुलींच्या तोंडचं पाणी पळालेलं आणि ही बया गेटवरच्या दगडाबाईंना सांगत होती, "मावशी, आज माझा पेपर भरणार! पुरवणीसुद्धा लागणार!"

"लागंल, लागंल बाय," दगडाबाई म्हणाल्या. "पर आधी सायकल तर नीट लाव."

फलकला एवढं उधाण का आलं होतं, ते सांगायला हवं. पाचवीपासून ती नगरच्या या खासगी मुलींच्या शाळेत. डोकं तल्लख, पण छापलेली अक्षरं तिच्यापुढे एका जागी टिकत नसत आणि लिहायला बसली की पानभर गिचमीड. चार वर्षं सगळ्यांनी तिला आळशी ठरवलं. दुसऱ्याला आळशी म्हणायला स्वतःला कष्ट पडत नाहीत, त्याची ही सोय. मग कृपा मॅडम आल्या. त्यांनी खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून तिथे आधार वर्ग थाटला, फलकची तपासणी करवून घेतली आणि सर्टिफिकेट आणलं. बुद्धी उत्तम, अडचण वाचण्या-लिहिण्याची. अशा मुलीला बोर्डात लेखनिक मिळतो. हिने सांगायचं, खालच्या वर्गातल्या मुलीने लिहायचं.

अर्जाला मुख्याध्यापिकांची सही लागत होती आणि गाडी तिथेच अडली होती. "लेखनिक हुशार मिळाली की दगडही पास होईल," मोनिका मॅडम कृपा मॅडमना स्पष्टच म्हणाल्या होत्या. "विज्ञानाच्या पेपरला मी स्वतः खोलीत बसते. पेपर कुणाचा आहे ते मला दिसू दे, मग सही."

म्हणजे सगळं या एका पेपरवर होतं.

लेखनिक होती नववीतली प्रार्थना. कायम पहिला नंबर, अक्षर मोत्यासारखं, आणि मन इतकं मऊ की दुसऱ्याला मार पडला तरी हिच्याच डोळ्यांत पाणी. कृपा मॅडमनी दोघींना महिनाभर सराव दिला होता. एकीने सांगायचं, दुसरीने लिहायचं, लिहिलेलं परत वाचून दाखवायचं.

पेपर सुरू झाला. प्रार्थना प्रश्न वाची आणि फलकच्या तोंडून उत्तरं नळ सोडल्यासारखी येत. काय मजा वाटत होती तिला! इतकी वर्षं डोक्यात कोंडलेलं सगळं आज कागदावर उतरत होतं. तेवढ्यात प्रश्न आला तो फ्यूजचा. फलकला हसूच फुटलं. तिच्या अब्बांचं, परवेझभाईंचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. नेवाशापासूनच्या शेतपंपांच्या जळक्या मोटारी तिथे येत आणि त्या का जळाल्या हे फलक लहानपणापासून ऐकत आली होती.

"लिही," ती म्हणाली. "फ्यूजला लवकर वितळणारी तारच चालते. लोड वाढला की आधी ती जाते, म्हणून मोटार वाचते."

प्रार्थनाचं पेन चाललं. तिने वाचून दाखवलं, फलक बोलली होती ते अगदी शब्दाला शब्द. पण फलकची नजर ओळीवर गेली आणि तिथेच खिळली. बाकीची अक्षरं हलत होती, एक शब्द मात्र हलत नव्हता. 'नाही.' हा शब्द तिने झोपेतही ओळखला असता. प्रगतिपुस्तकात दरवर्षी भेटायचा तो. लक्ष नाही, अभ्यास नाही, सुधारणा नाही.

"मी 'नाही' कुठं म्हणले?" तिने हळूच विचारलं.

प्रार्थनाचा चेहरा पडला. "ताई, वितळणारी तार कशी चालेल? तार मजबूतच पाहिजे ना? तुझे मार्क जातील म्हणून 'चालत नाही' लिहिलं."

"अजून कुठं बदललं?"

"एकाच ठिकाणी. उष्णतेच्या गणितात. तू सहाशे चाळीस म्हणालीस, मी सातशे चाळीस लिहिलं."

फलकने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. समोर मोनिका मॅडम. आवाज चढला तर लेखनिकाची लबाडी उघडी पडणार आणि सही बोंबलणार. गप्प बसलं तर पेपर प्रार्थनाचा होणार. तिला मनापासून राग आला. प्रार्थनाचा कमी, लोकांच्या दयेचा जास्त.

"खोड," ती म्हणाली. आवाज चांगलाच मोठा निघाला. "दोन्ही खोड. मी सांगितलं ते लिही."

"ताई, चुकलं तर?"

"चुकू दे. माझंच चुकू दे!"

मोनिका मॅडमनी मान वर केली. उठून आल्या, कागद पाहिला, प्रार्थनाकडे पाहिलं. पोरगी रडायच्या बेतात होती. मॅडम परत जागेवर जाऊन बसल्या. उरलेला तासभर फलकने खिंड लढवली. सांगायची, थांबायची, आणि प्रार्थना एकेक शब्दावर बोट ठेवून वाचून दाखवायची.

चौथ्या दिवशी ऑफिसातून बोलावणं आलं. टेबलावर तपासलेला पेपर होता. कृपा मॅडम खिडकीशी उभ्या, नखं कुरतडत.

"चाळीसपैकी एकोणतीस," मोनिका मॅडम म्हणाल्या. फलकने टुणकन उडीच मारली. आजवर तिची धाव अकरापर्यंत होती.

"थांब, पुढचं ऐक. फ्यूजला तुला पूर्ण मार्क. पण गणितात सातशे चाळीसच बरोबर होतं. खोडलं नसतंस तर एकतीस झाले असते."

"एकतीस झाले असते, मॅडम," फलक म्हणाली. तिचे डोळे नुसते चमकत होते. "पण त्यातले दोन प्रार्थनाचे असते."

 मोनिका मॅडमनी ड्रॉवरमधून अर्ज काढला, सही केली, शिक्का मारला.

"लेखनिक बदलून देऊ?"

"नको, नको! प्रार्थनाच पाहिजे," फलक दारातूनच ओरडली. "तिला आता माझं ऐकता येतं!"